रात्रीचा दिवस

'रात्रीचा दिवस केला' हे शब्द मराठी माणूस नेहमी कौतुकानेच उच्चारतो. दहावी-बारावीचे निकाल लागले किंवा लोकसेवा आयोगाची यादी जाहीर झाली की म्हसवडच्या पेठेत फलक झळकतात, गुलाल उधळला जातो, सत्कार होतात. आणि त्या सत्कारात कोणी ना कोणी वक्ता ते ठरलेले वाक्य बोलतोच, की या मुलाने गेली काही वर्षे चार तासांहून अधिक झोप घेतली नाही. टाळ्या पडतात. आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. समोर बसलेली पन्नास-शंभर मुले मनाशी काही ठरवून घरी जातात. त्या टाळ्यांविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे.

कोणाच्या यशाला दृष्ट लावण्याचा आमचा हेतू नाही. पावसाने पिढ्यान्‌पिढ्या दगा दिलेल्या माणदेशाने शिक्षक दिले, सैनिक दिले आणि अधिकारी तर इतके दिले की 'अधिकाऱ्यांचा तालुका' हे बिरुद माणला सहज चिकटले. जेथे शेतीचा भरवसा नाही तेथे पुस्तक हीच विहीर, हे या भूमीतल्या आईबापांना कोणी शिकवावे लागले नाही. परंतु व्यासपीठावर उभा असलेला एकच मुलगा आपल्याला दिसतो. तितक्याच रात्री जागलेले आणि त्या जागरणात आपले मनःस्वास्थ्य गमावून बसलेले त्याचे सोबती दिसत नाहीत. कोणी अभ्यास अर्धा टाकून परत येतो, कोणी घरात असूनही घरात नसल्यासारखा राहतो, कोणाशी बोलावयास गेले तर तो उगाचच अंगावर येतो. 'पोरगा जरा विचित्र वागतो' एवढ्यावर शेजारीपाजारी विषय संपवतात. आणि काही मुले तर परतही येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. त्यांतील १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. या प्रत्येक मृत्यूमागे निद्रानाशच होता असे म्हणण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाही. दारिद्र्य, अपयश, अपमान, प्रेमभंग, रखडलेल्या परीक्षा आणि रखडलेल्या नेमणुका, अशी कारणांची गुंतागुंत तेथे असते. पण या गुंत्यात एक धागा असा आहे की जो जवळजवळ प्रत्येक वेळी सापडतो, जो आधी दिसतो आणि जो आपल्या हाताने सोडविता येतो. तो धागा झोपेचा आहे.

म्हसवडच्या मुलाचा प्रवास कसा होतो ते पाहावे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुले पहाटे एसटीच्या पहिल्या फेरीसाठी उठतात, कारण महाविद्यालय सकाळच्या सत्रात भरते आणि ती एक गाडी चुकली तर दिवस बुडाला. घरी विहिरीवर मोटार असेल तर अजूनही अनेक गावांत आठवड्यातून काही दिवस विजेची पाळी रात्रीची येते. बाप दारे धरावयास जातो तेव्हा मुलालाही बॅटरी घेऊन मागे जावे लागते. पदवी हाती आली की सातारा, कोल्हापूर किंवा पुणे. पुण्याच्या सदाशिव पेठेत नि तिच्या आजूबाजूस 'कॉट बेसिस' नावाची एक व्यवस्था आहे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी एकदा जाऊन पाहावी. भाड्याने खोली मिळत नाही, कॉट मिळते. त्या सहा फुटी कॉटवर मुलगा जेवतो, वाचतो, घरी फोन करतो, चिंता करतो आणि उरलेल्या वेळात झोपतो. शेजारच्या कॉटवरचा दिवा केव्हा मालवावा हे त्याच्या हाती नसते. म्हणून तो अभ्यासिकेत जातो. अभ्यासिकेच्या पाटीवर 'चोवीस तास खुली' असे अभिमानाने लिहिलेले असते. मध्यरात्रीनंतर तेथे बसलेली मुले अभ्यास करीत असतातच असे नाही. पुष्कळदा शेजारचा उठत नाही म्हणून आपण उठावयाचे नाही, एवढीच स्पर्धा चाललेली असते. खाली टपरीवर चहा मिळतोच. त्या चहातले उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनीही निम्मे रक्तात शिल्लक असते, याची टपरीवाल्याला कल्पना नसेल, पण पिणाऱ्याला पहाटे येते.

आता या जागरणाचे मनावर काय परिणाम होतात याविषयी शास्त्राने गेल्या पाऊण शतकात बरेच काही सांगितले आहे. झोप म्हणजे यंत्र बंद करून ठेवणे, ही जुनी समजूत १९५३ मध्येच मोडली. त्या वर्षी शिकागो येथील अझेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतही डोळे वेगाने हलत असण्याची व मेंदू जागेपणाइतकाच कार्यरत असण्याची अवस्था दाखवून दिली. पुढे कळत गेले की दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. ज्याला आपण पाठांतर म्हणतो त्याची अर्धी मजुरी झोप करते. अमेरिकेतील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या मनगटांवर झोप मोजणारी यंत्रे बांधून केलेली पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सत्राच्या प्रारंभी जे सरासरीने कमी झोपले त्यांचे सत्राअखेरचे गुण घसरलेले आढळले, आणि सहा तासांच्या खाली गेलेल्यांची घसरण अधिक ठळक होती. म्हणजे ज्या गुणांसाठी झोप गहाण टाकावयाची, तेच गुण व्याजात जातात.

पण गुणांचा हिशेब आम्ही गौण मानतो. मनाचा हिशेब त्याहून मोठा आहे. एक सबंध रात्र नि पुढला दिवस जागे ठेवलेल्या तरुणांच्या मेंदूची चित्रे २००७ साली तपासण्यात आली. भय आणि क्रोध यांचे जे केंद्र मेंदूत आहे ते अप्रिय चित्र पाहताच झोपलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक भडकत होते, आणि त्याला आवर घालणारा पुढच्या भागाचा लगाम सैल झालेला होता. घरच्या भाषेत सांगावयाचे तर झोप न झालेल्या मुलाला साधा प्रश्नही टोमणा वाटतो आणि साधे अपयश जगाचा अंत वाटतो. एका रात्रीचा हा परिणाम पुरती झोप मिळाल्यावर निवळतो. महिनोन्‌महिने तेच चालले तर काय? जे मुळात निराश नव्हते पण ज्यांची झोप बिघडलेली होती, अशांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्या एकवीस अभ्यासांचा ताळा २०११ मध्ये मांडण्यात आला; त्यांना पुढे नैराश्याचा विकार जडण्याचा संभव नीट झोपणाऱ्यांच्या दुप्पट दिसला.

येथे विचारी वाचक शंका काढील, की मन बिघडले म्हणून झोप उडते की झोप उडाली म्हणून मन बिघडते? शंका रास्त आहे. दोन्ही खरे आहे आणि दोहोंचे चक्र बनते. परंतु चक्राला हात कोठे घालावा, याचे उत्तर इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दिले. ब्रिटनमधील सव्वीस विद्यापीठांतील ३,७५५ निद्रानाशग्रस्त विद्यार्थी त्यांनी घेतले. त्यांतील निम्म्यांना झोपेपुरताच उपचार दिला. गोळी नव्हे, झोपेच्या सवयी दुरुस्त करण्याचे शिक्षण. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावयाची, झोप आल्याखेरीज अंथरुणावर जावयाचे नाही, झोप येईना तर तळमळत पडून न राहता उठून बसावयाचे, अंथरुणावर पुस्तक नाही की फोन नाही, असे ते साधे नियम. त्या विद्यार्थ्यांची झोप तर सुधारलीच. पण लोक आपल्या वाईटावर आहेत हा संशय, नसलेले भास, खिन्नता, धास्ती, हे सारे ज्यांना तो उपचार मिळाला नव्हता त्यांच्या मानाने कमी झाले. मनाला कोणी हात लावला नव्हता. झोपेला लावला होता. मन थोडेफार मागोमाग आले.

'कॉट बेसिस'वर राहणाऱ्या मुलाने अंथरुणावर पुस्तक नेऊ नये म्हणजे काय करावे, हा प्रश्न मात्र त्या संशोधकांना पडला नसावा.

आपल्याकडे जागरणाचे समर्थन करावयाचे झाले की संस्कृत सुभाषितातील 'श्वाननिद्रा' हे विद्यार्थ्याचे लक्षण हटकून पुढे केले जाते. श्वानाची झोप सावध असते हे खरे. पण ज्याने दारचे कुत्रे पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की ते दिवसभरात किती झोपते. सुभाषितकाराने झोप सावध असावी असे म्हटले, ती नसावी असे म्हटले नाही. चरकाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना देहाचे तीन आधारस्तंभ मानून निद्रेला अन्नाच्या पंगतीस बसविले. गीतेच्या सहाव्या अध्यायात, फार झोपणाऱ्याला जसा योग साधत नाही तसाच फार जागणाऱ्यालाही तो साधत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. सिद्धनाथाच्या भूमीत आम्ही हे लिहीत असल्याने आणखी एक सांगतो. जागरण-गोंधळ आपल्या घरी होतो तो एका रात्रीचा. दुसऱ्या दिवशी घर दुपारपर्यंत निजते आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला नाथाचा रथ निघतो, यात्रा भरते, पुन्हा रथ जागेवर येतो. वर्षाचे बाराही महिने रथ ओढावयाचा नसतो, एवढे गावाला कळते.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण? ते तर प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असते व असावयासच हवे. त्यांच्या ज्ञानतपश्चर्येपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण परळच्या चाळीतील त्या एका खोलीची हकीकत नीट वाचली पाहिजे. खोलीत माणसे दाटीने राहत, अभ्यासाला निवांत जागा नव्हती. तेव्हा रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून त्याच्या जागी आपण अंग टाकीत. भीम दोन वाजता उठून अभ्यास करी, हे आपण मुलांना सांगतो. तो आधी झोपलेला असे, हे सांगावयास विसरतो. त्याची झोप राखण्यासाठी बाप जागा राहत होता, हे तर कोणीच सांगत नाही. मुलाच्या विद्येसाठी वडीलधाऱ्यांनी काय करावे, याचा याहून चांगला पाठ आम्हांला ठाऊक नाही.

आमच्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो हा, की झोपेचे उपदेश सुखवस्तूंनी करावेत. गरिबाच्या मुलाला आठ तास झोपणे परवडत नाही. या आक्षेपामागील वेदना आम्ही जाणतो. परंतु हिशेब उलटा आहे. श्रीमंताच्या मुलाचे एक वर्ष वाया गेले तर दुसरे विकत घेता येते. ज्याच्या शिक्षणासाठी बापाने शेळ्या विकल्या नि आईने बचतगटाचे कर्ज काढले, त्याचे एक वर्ष आजारपणात गेले तर सारे घर मोडते. आठ तास म्हणजे चैन नव्हे. अठरा ते पंचवीस वर्षे वयाला सात ते नऊ तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविषयक तज्ज्ञमंडळाने २०१५ मध्ये सांगितले ते गरीब-श्रीमंत पाहून नव्हे.

दुसरा आक्षेप, मुलांना शिस्त नाही, सारा दोष मोबाईलचा. मोबाईलचा दोष आहे, आणि तो मोठा आहे. रात्री एक वाजता दुसऱ्याचा सत्कार पाहत पडून राहणे हा छळ या पिढीने आपणहून पत्करला आहे. पण एकट्या मुलावर सारा दोष टाकला की वडीलमंडळी मोकळी होतात, हे आम्हांला मान्य नाही. तारुण्यात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. रात्री झोप उशिरा येते, पहाटे जाग उशिरा येते, आणि साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास हा उशीर सर्वांत अधिक असतो, असे जर्मनीतील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले आहे. म्हणजे आळस म्हणून ज्याला आपण बोल लावतो त्यातला काही भाग निसर्गाचा आहे. अशा वयाच्या मुलांची महाविद्यालये साडेसातला भरवावयाची, परीक्षा सकाळच्या प्रहरी ठेवावयाच्या, आणि एसटीची फेरी त्याच्याही आधी दीड तास सोडावयाची, हे कोणी ठरविले? ते मुलांनी ठरविलेले नाही.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. मुलाला 'अभ्यास कर' म्हणून पाणीसुद्धा हातात मिळते. मुलीला भांडी घासून, भाकरी थापून, धाकट्यांना निजवून मग पुस्तक उघडावे लागते. ते उघडते तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, आणि सकाळी चूल पेटविणारी पहिली तीच. तिचे जागरण कोणी भाषणात सांगत नाही. १९९७ साली याच म्हसवडमध्ये माणदेशी महिलांनी स्वतःची सहकारी बँक उभी केली. सही करता येत नाही म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला तेव्हा अक्षर गिरवून पुन्हा दारात गेल्या. त्यांच्याच परिवाराची 'माणदेशी तरंग' ही आकाशवाहिनी आज घरोघर ऐकली जाते. पोरीच्या वाट्याचे संध्याकाळचे काम घरातल्या चौघांनी वाटून घ्यावे आणि तिला दिव्याखाली आठलाच बसू द्यावे, ही गोष्ट आमच्या अग्रलेखापेक्षा त्या वाहिनीवर माणदेशीच्या बोलीत सांगितली गेली तर ती चुलीपर्यंत पोहोचेल.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मनःस्वास्थ्यविषयक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, साहाय्याचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहांत ठळकपणे लावावेत, शिक्षकांना या विषयाचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. आदेश उत्तम आहे. पण समुपदेशकाची पाटी लागली म्हणून मुलगा आपणहून त्या दारात जाईल, अशी आशा कोणी धरू नये. 'मला मानसिक त्रास होतो' हे वाक्य आपल्याकडे अजून जड जाते. घराण्याला बट्टा लागेल, सोयरीक मोडेल, अशी भीती त्याला चिकटलेली आहे. 'झोप येत नाही' हे वाक्य मात्र कोणीही बोलू शकतो, त्यात लाज नाही. म्हणून रेक्टरने, वर्गशिक्षकाने, गावच्या डॉक्टरने आणि घरी फोनवर बोलणाऱ्या आईने, 'अभ्यास कसा चालला आहे' याच्या आधी 'झोप कशी आहे' हे विचारावे. त्या एका प्रश्नाने पुष्कळ दारे उघडतील. दोन-तीन आठवडे झोप नीट नसेल तर कारण शोधावे. आणि एखादा मुलगा दोन-तीन तास झोपूनही थकत नसेल, अखंड बोलत असेल, मोठमोठे बेत सांगत असेल, तर 'केवढा उत्साह!' म्हणून खूष होऊ नये. तेही आजाराचे लक्षण असू शकते व तेथे डॉक्टरच हवा. झोपेच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून आणणे हा उपाय नव्हे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा २०२२ पासून चालू आहे; १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक अभ्यासिकेच्या दारावर वेळापत्रकाच्या शेजारी लावावयास खर्च येत नाही.

अभ्यासिकांच्या बाबतीत आमचे मत अनेकांना रुचणार नाही, तरी ते स्पष्ट सांगतो. ज्या अभ्यासिका नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा सार्वजनिक निधीच्या पैशांवर चालतात, त्यांनी रात्री अकराला दिवे मालवावेत आणि पहाटे पाचला दार उघडावे. ज्याला घरी जागावयाचे तो जागेल. पण गावाच्या पैशाने, गावाच्या साक्षीने जागरणाची शर्यत लावू नये. खाजगी अभ्यासिकांवर सक्ती करता येणार नाही, त्यांनी पाटीवरचे 'चोवीस तास' पुसले तरी पुष्कळ झाले. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा अठरापगड जातींची मुले एका छपराखाली राहिली, स्वतःच्या हातांनी काम करून शिकली. त्या परंपरेतील वसतिगृहे आजही या जिल्ह्यात आहेत. दिवे मालविण्याची वेळ ठरविण्याचा अधिकार त्यांच्या रेक्टरांना कोणा मंत्र्याकडून मागावा लागत नाही.

हे सारे झाले म्हणजे नोकऱ्या वाढतील, जागा निघतील, परीक्षांचे निकाल वेळेवर लागतील, असे आम्ही म्हणत नाही. लक्षावधी तरुणांना मूठभर जागांच्या दाराशी वर्षानुवर्षे उभे करणाऱ्या व्यवस्थेचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे आणि तो आम्ही विचारीत राहू. त्या लढ्यातही माण-खटावच्या तरुणाने शुद्धीवर असलेले बरे.

पुढील सत्राच्या परीक्षांची वेळापत्रके आता तयार होतील. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आपल्या हातातील अंतर्गत परीक्षा सकाळी अकराच्या आधी ठेवू नयेत, आणि एसटीच्या आगारप्रमुखांनी वाड्यावस्त्यांवरच्या फेऱ्यांची वेळ प्राचार्यांना विचारून ठरवावी. दोघांची कार्यालये एकाच रस्त्यावर असतात. एका दुपारी एकत्र बसले तर काम होण्यासारखे आहे.